रोंधा खोऱ्यातल्या रुग्णांसाठी चालक हवेत, पेट्रोलला हातभार हवा

दक्षिण वेल्समधल्या मराठी मंडळींना कळकळीचं आवाहन.

वेल्समध्ये 2007 पासून प्रिस्क्रिप्शनची औषधं फुकट मिळतात. डॉक्टरपर्यंत पोहोचायचं कसं, हा प्रश्न मात्र रोंधा वाखमध्ये, म्हणजे रोंधाच्या लहान खोऱ्यात, तसाच आहे. मार्डी, फर्नडेल, टायलर्सटाउन या गावांची प्रवासी रेल्वे 1964 मध्ये बंद पडली, मार्डीची कोळशाची खाण 1990 मध्ये. आज इथे म्हातारी माणसं पुष्कळ, त्यांतली कितीतरी छातीच्या दुखण्यानं बेजार. त्यांना लॅन्ट्रिसंटच्या रॉयल ग्लॅमॉर्गन हॉस्पिटलला बोलावतात, नाहीतर मर्थरच्या प्रिन्स चार्ल्स हॉस्पिटलला. बस बदलत जायचं. एक चुकली की अपॉइंटमेंट गेली. ॲम्ब्युलन्स सेवेची रुग्णवाहतूक वैद्यकीय निकषात बसणाऱ्यांनाच मिळते. काठी टेकत चार पावलं चालणारा माणूस त्यात अनेकदा बसत नाही.

रुग्णांना तुमच्या गाडीनं न्यायला आठवड्यातली एक सकाळ द्या. विमा कंपनीला तसं आधी लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का, ते पाहणारी सरकारी तपासणी) स्वयंसेवकांना मोफत आहे, पण कागद यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करा.

इथली घरं डोंगरउतारावर, दारापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या. दम लागणाऱ्याला त्या उतरायला दहा मिनिटंही लागतात, आणि घाई केली तर गाडीत बसेपर्यंत तो धापा टाकत असतो. म्हणून 9 च्या अपॉइंटमेंटला पावणेआठला दारात हजर राहा. इनहेलर आणि हॉस्पिटलचं पत्र घेतलं का, ते विचारा. ऑक्सिजनचा सिलिंडर पट्ट्यानं घट्ट बांधा. सुटा सिलिंडर ब्रेक लागताच उडतो. काच थोडी उघडी ठेवा, सिगारेट अजिबात नको. सिलिंडर नेणार असल्याचं विमा कंपनीलाही सांगा. मर्थरला जाताना मार्डीहून अ‍ॅबरडेअरकडे जाणारा डोंगरावरचा रस्ता बर्फात बंद होऊ शकतो, तेव्हा पोर्थवरून जा.

चालकाला मैलामागे 45 पेन्स देतो. लॅन्ट्रिसंटची फेरी साधारण 25 मैलांची, म्हणजे सव्वाअकरा पौंड. रुग्णाकडून काही घेत नाही. 45 पौंडांत चार फेऱ्या होतात. महिन्याला तेवढे दिलेत तर आठवड्याला एक माणूस तपासणीला पोहोचतो.

या खोऱ्यांतले कितीतरी दवाखाने एके काळी भारतातून आलेल्या डॉक्टरांनी चालवले. निवृत्त डॉक्टर, नर्स मंडळींनो, गाडी चालवणं जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी रुग्णाला फोन करून वेळ पक्की करायचं काम घ्या. अर्धा तास लागतो, आणि फुकट जाणाऱ्या फेऱ्या त्यानंच वाचतात.