डेव्हिसला एकच ओळ?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कॅलिफोर्निया विद्यापीठावरचा पानभर लेख काल वाचला. बर्कलीची नोबेल पारितोषिकं, लॉस एंजेलिसचं सिनेमाचं शिक्षण, सॅन दिएगोचा समुद्र, सगळं छान रंगवलंय. लेखकाचं अभिनंदन. पण दहा कॅम्पसच्या विद्यापीठात डेव्हिसच्या वाट्याला एक ओळ यावी आणि रिव्हरसाइडला तीही मिळू नये? तेही नाशिक आवृत्तीत?

अहो, डेव्हिस म्हणजे मुळात बर्कलीच्या पोरांना शेती शिकवायला १९०५ च्या कायद्यानं काढलेलं विद्यापीठाचं शेत. रिव्हरसाइड १९०७ साली संत्र्या-लिंबाचं संशोधन केंद्र म्हणून सुरू झालं. दोन्हींना पूर्ण कॅम्पसचा दर्जा मिळायला १९५९ उजाडलं. खुद्द बर्कलीतही हिल्गार्ड नावाचे प्राध्यापक १८७५ पासून मातीच्या मागे लागले होते. चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेल्या जमिनीला जिप्सम घाला, हे सांगणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. एवढी माती ज्या विद्यापीठाच्या पायाला लागलीय, त्याच्यावरच्या लेखात मातीचं नाव नाही.

मला राग यायचं कारण वेगळं आहे. एका वर्षी मणी वाटाण्याएवढे झालेले असताना आमच्या द्राक्षबागेत भुरी, म्हणजे पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग, दिसली. पानं आणि दोन घड पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगला. टेबलावरच्या बाईंनी पिशवीत न बघताच विचारलं, "अर्ज आणलाय का?" अर्ज लिहिला. मग सातबारा पाहिजे. सातबारा नेला तर उतारा जुना, नवा काढून आणा. उत्तर आलं तेव्हा माल विकून झाला होता, व्यापारी निम्मे पैसे बुडवून पसार झाला होता आणि बागेत माल काढल्यानंतरची खरड छाटणी चालू होती. उत्तर काय, तर 'गंधकाची फवारणी करावी.' गंधक दुकानदारानं पहिल्याच दिवशी दिलं होतं, वर न मागितलेली आणखी चार औषधं गळ्यात मारून.

डेव्हिसच्या शास्त्रज्ञांनी याच भुरीचा अंदाज बांधायची पद्धत बसवलीय. तापमान साधारण २१ ते ३० अंशांत सलग सहा तास राहिलं की धोका वाढतो. त्याचे रोज गुण मांडायचे आणि गुणांवरून दोन फवारण्यांतलं अंतर ठरवायचं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मी मुलीकडून वाचून घेतलं. पावसात वाढणाऱ्या डावणी रोगाला त्याचा उपयोग नाही. तिकडचा उन्हाळा कोरडा, आपला ऑक्टोबरचा पाऊस त्यांना कुठला!

आणि हे कागदावर राहत नाही. १९१४ पासून विद्यापीठाची विस्तार सेवा आहे, ती राज्याच्या ५८ च्या ५८ कौंट्यांना, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांना, पुरते. तिथला शेती सल्लागार विद्यापीठाचाच माणूस. प्रयोग शेतकऱ्याच्या बागेत लावतो. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या असल्याच विद्यापीठांच्या धर्तीवर काढली म्हणतात. मग धर्तीचा हा भाग वाटेत कुठे गळाला, एवढं जरी आपल्या लेखकानं शोधलं असतं तरी पान सत्कारणी लागलं असतं.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असंही नाही. टोमॅटो तोडणीचं यंत्र याच डेव्हिसनं काढलं, मजुरांची कामं गेली आणि १९७९ मध्ये विद्यापीठावर खटला झाला. हे छापायला काय हरकत होती? नुसत्या आरत्या कशाला?

जाता जाता, सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसला बारावीनंतर प्रवेश कसा घ्यावा, हे आपण चौकटीत दिलंय. त्या कॅम्पसमध्ये पदवीचे वर्गच नाहीत, तिथे पदवीनंतरचं वैद्यकीय आणि आरोग्याचं शिक्षण चालतं. आणि सॅन होजेचं 'स्टेट' विद्यापीठ या दहांत येत नाही, ती वेगळी संस्था आहे. आईबाप कर्ज काढून पोरं पाठवतात, निदान चौकट तरी तपासून छापा.

चौकटीवरून आठवलं. बाजारभावाच्या चौकटीत द्राक्षाचा भाव गेला आठवडाभर तोच येतोय. व्यापारी तोच कागद दाखवून आमच्याकडे भाव पाडून मागतात. दुरुस्ती करणार असाल तर आधी ती करा, कॅलिफोर्नियाची नंतर केलीत तरी चालेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड