लॉइड सीच्या थडग्यापाशी

अटलांटा, रविवार

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

काल डॉसनव्हिलला जाऊन आलो. इथून उत्तरेला, डोंगरात, गाडीने तास-सव्वा तास. लॉइड सी, जुन्या काळचा मोटारशर्यतीचा ड्रायव्हर, त्याच्या थडग्यापाशी बराच वेळ बसलो होतो आणि सारखा तूच आठवत होतास. दगडात त्याची 1939 ची फोर्ड कोरली आहे आणि खिडकीत त्याचा फोटो बसवलाय. पोरगं गेलं तेव्हा अवघं एकवीस वर्षांचं होतं रे.

या डोंगरात तेव्हा घरोघरी हातभट्टी. कर चुकवून काढलेली दारू रातोरात अटलांटाला पोचवायची आणि पोलीस मागे लागले की सुटायचं, हीच त्याची ड्रायव्हिंगची शाळा. गाड्या बाहेरून साध्या दिसायच्या. आत मात्र व्ही-8 इंजिनावर भरपूर काम केलेलं असायचं आणि मागचे पाटे कडक बसवलेले, म्हणजे माल भरला तरी बूड खाली बसायला नको. रिकामी गाडी मागून उचललेली दिसायची, ती बघून तू लगेच ओळखलं असतंस. गाड्या तयार करणारा मेस्त्री रेड व्होट. त्याच्या अटलांटातल्या गॅरेजात दारू नेणाऱ्यांच्या गाड्या यायच्या आणि त्यांना पकडणाऱ्यांच्याही!

पुढे लॉइड शर्यतीत उतरला. त्याच्या शर्यतीच्या गाडीचा मालक रेमंड पार्क्स, लॉइडच्या नात्यातलाच. नोव्हेंबर 1938 मध्ये अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर लॉइड पहिल्यांदा जिंकला, वय अठरा. मैलभराचा मातीचा ट्रॅक. वळणावर डावीकडची चाकं जमिनीवरून उचलायची, पण हा पायच काढायचा नाही म्हणे. कच्च्या घाटरस्त्यावर दिवे मालवून गाडी हाणलेल्याला त्या धुळीचं काय भय वाटणार?

1941 चा ऑगस्ट संपता संपता त्याचा हात असा बसला होता की विचारू नकोस. 24 तारखेला फ्लोरिडातली डेटोनाची शर्यत. तिथं अर्धी शर्यत समुद्राच्या वाळूत आणि अर्धी डांबरी रस्त्यावर. तो पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत पुढेच राहिला. मग हाय पॉइंटची शर्यत जिंकली. 1 सप्टेंबरला लेकवूड, घरचा ट्रॅक, तेही जिंकलं. नऊ दिवसांत तीन शर्यती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातल्याच एका भावाने त्याला गोळी घातली. भांडण भट्टीसाठी उधारीवर आणलेल्या साखरेचं. ती कुणाच्या खात्यावर लिहिली, एवढंच. लॉइडच्या सख्ख्या भावालाही गोळी लागली, तो वाचला.

साखर, संज्या! आपण उसाच्या गावातली माणसं. पोत्याच्या हिशोबावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आपण दोघांनी पाहिलंय. म्हणून असेल, पण ही गोष्ट मला परक्या देशातली वाटतच नाही.

पुढे नॅस्कार, म्हणजे इथली मोटारशर्यती भरवणारी संस्था, निघाली ती 1948 मध्ये. तिच्या पहिल्या हंगामाचं विजेतेपद रेड बायरनने जिंकलं, गाडी पार्क्सची आणि हात व्होटचा. तोच मालक आणि तोच मेस्त्री, फक्त ड्रायव्हर दुसरा. मला हे फार लागलं. लॉइड तेव्हा अठ्ठावीसचाच असता.

थडग्यावरचा दगड पार्क्सनेच बसवला. त्यावर 1 सप्टेंबरच्या विजयाची तारीख कोरली आहे.

फोटो सोबत पाठवतोय. गॅरेजात लाव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अव्या