काकू, इथला वसंत दाखवल्याबद्दल थँक यू

काकू, नमस्कार.

तोंडावर थँक यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषयच संपवता, म्हणून हे सरळ लिहून काढतेय आणि सगळ्यांना वाचायला देतेय. रागवू नका.

आम्ही नेदरलँड्समधे ॲमस्टेलवेनला आलो ते नोव्हेंबरात, म्हणजे पाच वाजायच्या आत अंधार आणि दिवसभर ती चिरचिर. मार्च उजाडला तरी मी हीटरला चिकटून, आणि डोक्यात एकच प्लॅन, की एप्रिलमधे क्युकेनहॉफचं तिकीट काढायचं, ट्युलिपसोबत फोटो काढायचे, आईला पाठवायचे, झाला वसंत. तुम्ही म्हणालात, जा की, बाग झकासच आहे, सत्तर लाख कंद लावतात दरवर्षी, पण फुकटचा वसंत कोण बघणार? आणि दुसऱ्या दिवशी तुमची जुनी सायकल हवा भरून आमच्या दाराशी हजर!

पाऊस थांबला की निघू म्हणत बसलीस तर जूनपर्यंत घरातच बसशील, हे तुमचं वाक्य मी आता नव्या आलेल्या सगळ्यांना ऐकवते. रडार ॲपवर पुढचे दोन तास बघायचे आणि निघायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे गेली आणि एप्रिलअखेर तर नऊ वाजेपर्यंत उजेड, म्हणजे ऑफिस सुटल्यावर अख्खी संध्याकाळ आपलीच, हे कुणी सांगितलंच नव्हतं हो! आणि सायकलवाटांवरची ती चौकाचौकातली हिरव्या आकड्यांची पाटी, तुम्ही कागदावर आकडे लिहून हँडलला चिकटवून दिलेत, एक आकडा गाठायचा की पुढच्याचा बाण दिसतो, मोबाइल काढायचीसुद्धा गरज नाही. तो कागद अजून चिकटलेला आहे, शाई पावसानं पसरलीय थोडी.

ॲमस्टरडॅमसे बोस या जंगलासारख्या मोठ्या पार्कमधला चेरीचा बगीचा तर घरापासून इतका जवळ! जपानी महिलांच्या क्लबनं 2000 साली दिलेली 400 झाडं, आणि प्रत्येक झाडाला बाईचं नाव, अर्धी जपानी, अर्धी डच. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणून तुम्ही मला मंगळवारी संध्याकाळी नेलंत. थर्मासमधला चहा, दडपे पोहे, आणि वरून पाकळ्या पोह्यांत पडतायत. तुम्ही म्हणालात, खा तशीच.

लिस गावाच्या बाजूला ट्युलिपची शेतं बघायला गेलो तेव्हा बरं झालं तुम्ही बरोबर होतात. लोक फोटोसाठी वाफ्यांत घुसत होते आणि तुम्ही मला कडेलाच उभं केलंत, कारण बुटांच्या मातीतून रोग पसरतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. तिथेच ते मशीन बघितलं, फुललेल्या ट्युलिपची मुंडकी उडवत चाललेलं! माझा जीव कळवळला. तुम्ही शांतपणे म्हणालात, अगं तो फुलं नाही विकत, कंद विकतो, फूल उडवलं की ताकद खाली कंदात जाते. शेतकऱ्याच्या घरातली मी, लगेच पटलं.

पण खरं थँक यू बेटुवेसाठी, त्या फळबागांच्या भागासाठी आहे. रात्री पारा शून्याखाली जाणार म्हणून बातमी आली आणि काकांनी पहाटे गाडी काढली, मला तर वाटलं या लोकांना वेड लागलंय. लिंगे नदीच्या काठानं सफरचंदाच्या आणि पेअरच्या बागा, त्यात स्प्रिंकलर चालू, आणि झाडं काचेची! एकेका कळीवर बर्फाचं कवच, आत गुलाबी रंग दिसतोय, वर पाणी पडतंच आहे. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे सतत पाणी चालू ठेवलं तर आतली कळी शून्याच्या आसपासच राहते, मधेच बंद केलं की मेलीच. म्हणून बर्फ वितळेपर्यंत पंप बंद करत नाहीत. आमच्या मामाची निफाडला द्राक्षबाग आहे, थंडीचा कडाका पडला की तोही पहाटे उठून शेकोट्या पेटवतो, बागेत पाणी सोडतो. मी त्याला व्हिडिओ पाठवला. इतके दिवस ट्युलिपच्या फोटोंना नुसता अंगठा दाखवणाऱ्या माणसाचा दोन मिनिटांत फोन, "मोटार किती एचपीची आहे ते विचार." विचारलं नाही ते सोडा, पण या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला इथलं काहीतरी आतून कळलं असं वाटलं. ते तुमच्यामुळे आणि काकांमुळे.

बाकी 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवसाला तुमच्या सतरंजीवर बसून मी आमची जुनी इस्त्री विकली आणि नारिंगी टोंपूस, म्हणजे ती क्रीमवाली पेस्ट्री, खाताना सगळं क्रीम ओढणीवर सांडलं, ते असो. आठवड्यानं, 4 मेला रात्री आठला युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळं थांबतं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, नाहीतर माझा मिक्सर नेमका तेव्हाच चालू असता. आणि मिरचीची रोपं बाल्कनीत ठेवायला निघाले तर केवढा दम भरलात! 11 ते 14 मे हे इथले 'बर्फाचे संत', म्हणजे संतांच्या नावाचे थंडीचे शेवटचे दिवस, ते गेल्याशिवाय रोप बाहेर काढायचं नाही. काढलं नाही. आता चार रोपांना फुलं आलीत.

शेवटचं म्हणजे ते पांढरे ॲस्परॅगस. मातीच्या ढिगाखाली उन्हापासून लपवून वाढवतात म्हणून पांढरे, आणि शेंड्याखालून नीट सोलले नाहीत तर शेवग्याच्या शेंगेसारखे चोथा निघतात. इथे लोणी, अंडं, हॅमबरोबर खातात, तुम्ही मात्र काकांची नजर चुकवून अर्ध्यांना जिरं-हिंगाची फोडणी दिलीत. सीझन 24 जूनपर्यंतच असतो म्हणालात, तर येत्या शनिवारी तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या. सोलायचं काम माझं. आणि काकांना सांगून ठेवा, या वेळी सगळ्यांतच हिंग असणार आहे.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची