वाडीची माणसे पावसाळ्यात मोजणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतील मिनी अंगणवाडीचे पूर्ण अंगणवाडीत रूपांतर झाले, तिला स्वतंत्र मदतनीस मिळाली आणि सेविका म्हणून वाडीचीच मुलगी काम पाहते आहे, ही बातमी मी तुम्हाला फोनवर सांगितली तेव्हा तुम्ही एवढेच विचारलेत, ‘मुलं रोज किती येतात?’ मी आकडा सांगितला, तुम्ही बरे म्हणालात आणि फोन ठेवलात. आभार मानायचे राहूनच गेले. आता मानते आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे मानते आहे, कारण एका बीटची, म्हणजे काही अंगणवाड्यांच्या गटाची, पर्यवेक्षिका काय करू शकते हे नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना कळावे असे मला मनापासून वाटते. स्वतःचे नाव छापलेले तुम्हाला आवडत नाही, म्हणून नाव लिहीत नाही, गावाचेही लिहीत नाही. तालुक्यातल्या आम्ही सगळ्या तुम्हाला बाईच म्हणायचो, तेच संबोधन ठेवते.

तुम्ही आमच्या बीटवर आलात तेव्हा मला सेविका होऊन सात वर्षे झाली होती. माझी अंगणवाडी गावात, शाळेच्या आवारात. वाडी तिथून दीड किलोमीटरवर, मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात त्या ओढ्याला मोठ्या माणसाच्या कमरेएवढे पाणी. माझ्या रजिस्टरमध्ये वाडीच्या तेवीस मुलांची नावे होती, त्यांपैकी तीन-चार मुले कधीमधी यायची. उरलेल्यांपुढे मी पावसाळ्यात ‘गैरहजर’ आणि दिवाळीनंतर ‘स्थलांतरित’ असे लिहीत असे, आणि असे लिहिले की माझे काम झाले असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात, त्याला मी काय करणार, असा माझा समज होता. पहिल्याच भेटीत तुम्ही रजिस्टर चाळलेत आणि या वर्षी मी वाडीवर किती वेळा गेले ते विचारलेत. मी सांगितले, दोनदा, आणि दोन्ही वेळा पल्स पोलिओसाठी. तुम्ही भेटवहीत त्याबद्दल एक अक्षरही लिहिले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र संध्याकाळी, माणसे कामावरून घरी परततात त्या वेळेला, तुम्ही माझ्याबरोबर ओढा उतरून वाडीवर आलात आणि अंधार पडेपर्यंत एका घराच्या पडवीत बसून राहिलात.

त्या संध्याकाळी तुमच्या लक्षात जे आले, ते मला सात वर्षांत दिसले नव्हते. आदिवासी आणि डोंगराळ भागात तीनशे लोकवस्तीला अंगणवाडी आणि दीडशे लोकवस्तीला मिनी अंगणवाडी असा निकष आहे. वाडीची लोकसंख्या आमच्या कागदावर ११८ होती, म्हणून प्रस्तावच जात नव्हता. आमचे वार्षिक सर्वेक्षण व्हायचे उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात निम्मी वाडी भट्टीवर असायची. घराला कुडाचे दार लावलेले दिसले की आम्ही ‘घर बंद’ लिहून पुढे जायचो. तुम्ही मला श्रावणात पुन्हा मोजायला लावलेत. लावणी उरकलेली होती, माणसे घरी होती. घराघरात शिरून, म्हाताऱ्या माणसांसह, तान्ह्या मुलांसह मोजले तेव्हा आकडा आला १७६. माणसे तीच होती, वाडी तीच होती, आम्ही चुकीच्या महिन्यात जात होतो. ही साधी गोष्ट शोधायला ना निधी लागला ना आदेश, फक्त कोणीतरी संध्याकाळी तिथे जाऊन बसायला हवे होते, आणि तुम्ही बसलात.

पुढे प्रस्तावाचे काम सोपे नव्हते. कागद तीनदा परत आले. वाडीला गावठाण नाही, घरे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, त्यामुळे इमारत कुठे बांधणार हा प्रश्न प्रत्येक वेळी समोर यायचा. प्रत्येक वेळी तुम्ही त्या कागदांना सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाची प्रत जोडत होता. सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीला मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, आणि नवीन अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या वाडीत चाळीस मुले नव्हती, हे तुम्ही लपवले नाहीत. वस्ती लहान आहे, पण ज्या वस्त्यांना आधी द्यायला सांगितले आहे त्यांतली ती आहे, आणि मिनी अंगणवाडीच्या निकषात ती पूर्ण बसते, एवढेच तुम्ही सरळ शब्दांत लिहीत राहिलात. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे, बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड, हेही मला त्या अर्जांच्या मसुद्यातूनच पहिल्यांदा नीट कळले. मंजुरी आली तेव्हा इमारत नव्हतीच. मिनी अंगणवाडी सुरू झाली ती त्याच पडवीत, जिथे तुम्ही पहिल्या दिवशी बसला होता.

बीटच्या मासिक बैठकीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते तुमचे सर्वांत मोठे काम तिथे झाले. तुमच्या आधी आम्हाला बैठकीचे भय वाटे. ज्या सेविकेच्या अहवालात तीव्र कुपोषित मुले जास्त, तिला सर्वांसमोर उभे करून विचारणा व्हायची. परिणामी काय होत असेल ते सांगायला नको. वजनाचा काटा थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि वजनाच्या तक्त्यातले लाल रेषेखालचे, म्हणजे तीव्र कमी वजनाचे मूल कागदावर पिवळ्यात, म्हणजे मध्यम गटात जायचे. मीही असे केले आहे, ते इथे लिहिताना मला लाज वाटते. मूल कागदावरून नाहीसे झाले की त्याच्यासाठी कुपोषित मुलांची गावातच काळजी घेणारे ग्राम बाल विकास केंद्र उघडत नाही, त्याला जास्तीचा आहार मिळत नाही, त्याला डॉक्टरपर्यंत कोणी नेत नाही. तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलेत की जिच्या अहवालात एकही तीव्र कुपोषित मूल नाही, तिच्या अंगणवाडीला तुम्ही आधी भेट द्याल. ज्यांनी मुले शोधून दाखवली, त्यांना तुम्ही विचारायचा, काय कमी पडते आहे. कोणी म्हणाली काटा बिघडला आहे, कोणी म्हणाली उंची मोजायची पट्टीच नाही, कोणी म्हणाली दंडाचा घेर मोजायची फीत फाटली आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, हे आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणात पाठ करायला लावले होते, पण हातात फीत नव्हती. दोन महिन्यांत बीटमधल्या प्रत्येक अंगणवाडीला ती मिळाली. त्या वर्षी आमच्या बीटमधल्या कुपोषित मुलांचा आकडा एकदम वाढला आणि वरून तुम्हाला विचारणा झाली, हे आम्हाला फार उशिरा कळले. तुम्ही त्याची झळ आमच्यापर्यंत येऊ दिली नाहीत.

त्याच सुमारास तुम्ही अहवालाला एक पान जोडायला सुरुवात केलीत, जे कोणी मागितलेले नव्हते. त्यात प्रत्येक अंगणवाडीची मुले वस्तीनुसार वेगळी लिहायची: गावठाण, बौद्धवाडी, ठाकूरवाडी, कातकरवाडी. माझ्या अंगणवाडीची सरासरी चांगली होती. वस्त्या वेगळ्या केल्यावर दिसले की गावठाणात एकही मूल लाल रेषेखाली नाही आणि सगळी लाल नावे ओढ्यापलीकडची आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हा आकडा वाचला की माझ्या मनात तुमचे ते जोडपान येते, आणि या टक्क्यांमागची मुले नेमक्या कोणत्या ओढ्यापलीकडे राहतात असा प्रश्न पडतो.

मदतनिशीच्या नेमणुकीचा प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. गावातील माझ्या अंगणवाडीतले पद रिकामे झाले आणि शिक्षणाच्या अटीत बसणाऱ्या अर्जदारांत वाडीची एक मुलगी होती. तिने अर्ज करावा म्हणून तुम्हीच तिच्या घरी दोनदा गेला होता. नेमणूक झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गावातील काही घरांतून मुले डबा घेऊन येऊ लागली. कारण विचारले तर सांगायचे, स्वच्छता. जातीचे नाव कोणी घेतले नाही. शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असा न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे, तो दाखवून तुम्ही लोकांना गप्प करू शकला असता. तुम्ही स्वच्छतेचा मुद्दा शब्दशः धरलात. हात धुणे, नखे, भांडी, पाणी, या सगळ्याची रोजची तपासणी सुरू केलीत, आणि ती माझ्यासह सर्वांची, तपासायला बोलावले त्याच घरांतल्या आयांना. महिन्याभरात त्यांना दिसले की त्या मुलीची कामाची जागा त्यांच्या स्वयंपाकघरांइतकीच, काही घरांपेक्षा जास्तच, स्वच्छ असते. भेटीच्या दिवशी तुम्ही मुलांच्या पंगतीतच जेवायला बसत होता. डबे हळूहळू बंद झाले. एका घराचा डबा शेवटपर्यंत बंद झाला नाही, हेही खरे आहे. पण ती मुलगी टिकली, वाडीची मुले तिच्या बोलीत बोलणारे कोणीतरी आहे म्हणून गावात येऊ लागली, आणि माझ्या गाण्यांतले निम्मे शब्द त्यांना कळतच नव्हते हे मला तिच्यामुळे समजले.

वाडीतल्या एका लहान मुलीला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले होते, ते चौथ्या दिवशीच तिची आई तिला घेऊन घरी परतली. मी चिडले होते. तुम्ही त्या आईला विचारलेत की घरी कोण आहे. घरी आणखी दोन मुले होती आणि मजुरी बुडत होती. दाखल असलेल्या दिवसांची बुडीत मजुरी आईला मिळते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते. तुम्ही शेजारच्या आजीला दोन मुलांसाठी तयार केलेत, आणि मायलेकी पुन्हा जाऊन पूर्ण मुदत राहून आल्या. ती मुलगी आज माध्यमिक शाळेत आहे.

भट्टीवर जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या हा तुमचाच शोध. उचल घेतलेली कुटुंबे ज्या दिवशी निघणार, त्याच्या आधी प्रत्येक मुलाचे वजन, लसी आणि गरोदर बाईचा महिना एका कागदावर लिहायचा, माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर तो द्यायचा, आणि भट्टी ज्या गावाच्या हद्दीत असेल तिथल्या सेविकेला फोन करायचा. ‘आमच्या यादीत नाव नाही’ असे उत्तर आले की तुम्ही तिथल्या पर्यवेक्षिकेशी स्वतः बोलायचा. आता अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, ती चांगलीच सोय आहे, पण फोन करणारी बाई तेव्हाही लागत होती आणि आजही लागते.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा आमचे मानधन महिना पाच हजार रुपये होते आणि मदतनिशींचे त्याच्या निम्मे. तुमच्या पदामुळे तुम्ही आमच्या बाजूने बोलू शकत नव्हता, ते आम्हाला कळत होते. पण तुम्ही आम्हाला दम दिला नाहीत, आमच्यात फूट पाडली नाहीत, आणि संप मिटला त्या आठवड्यात प्रत्येकीबरोबर बसून कोणत्या मुलाचे वजन घटले ते पाहिलेत. गरीब मुलांशी न्यायाने वागा असे सांगणारी व्यक्ती स्वतःच्या हाताखालच्या बायकांशीही तशीच वागते, हे मी त्या दिवसांत पाहिले. म्हणूनच कदाचित तुमचे म्हणणे आम्ही ऐकले.

वाडीला अजून गावठाण नाही. ओढ्यावर साकव झाला आहे, पण अंगणवाडीला स्वतःची इमारत नाही. त्या मागणीचे कागद आता वाडीची सेविकाच लिहिते, आणि तुमच्या सवयीप्रमाणे प्रत्येक अर्जाला श्रावणातील सर्वेक्षणाची यादी जोडते. यंदा दिवाळीनंतर नऊ कुटुंबे निघणार आहेत, त्यांत दोन गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची अकरा मुले आहेत. चिठ्ठ्या लिहून झाल्या आहेत, तीन भट्ट्यांच्या गावांतल्या सेविकांशी बोलणे झाले आहे, चौथीचा फोन लागत नाही. तिच्या बीटची पर्यवेक्षिका तुमच्या ओळखीची असल्यास कृपया कळवावे.

तुमची कृतज्ञ,
गावातील अंगणवाडीची सेविका