आजी यायच्या आधी बेसिनचा नळ

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा जास्तच बोलले. घर तुझं, पैसे तुझे, नळ तूच निवडणार, हे मला कळतं. पण तू पाठवलेला तो काळा उंच नळ बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढं आधी फरशीच आली. रविवारी आजी तुझ्याकडे यायला कोयना एक्सप्रेसनं निघणार. म्हणून फोनवर आवाज चढवून जे सांगितलं, तेच आता बसून लिहिते आहे.

तो नळ वाईट नाही, फक्त तो तुझ्या बेसिनचा नाही. ओट्यावर वाडग्यासारखं बेसिन ठेवतात ना, त्याच्यासाठी तो असतो. वाडगंच पाच-सहा इंच उंच, म्हणून नळ दहा-बारा इंचांचा करतात. तुझं बेसिन भिंतीला लावलेलं साधं. त्यावर हा बसवलास तर धार फूटभर खाली आपटेल, शिंतोडे काठावरून बाहेर येतील आणि उंबऱ्यापर्यंत ओल होईल. बेसिनचा काठ आणि नळाचं तोंड यांत चार-पाच इंच असले की हात धुवायला पुरतात. दुसरं माप पुढच्या बाजूचं. नळाच्या भोकाच्या मध्यापासून पाणी जायच्या जाळीच्या मध्यापर्यंत टेप लाव. नळाची पोच तेवढीच हवी, म्हणजे धार जाळीवर किंवा तिच्या किंचित अलीकडे पडते. पोच कमी पडली तर हात बेसिनच्या मागच्या भिंतीला घासतात, आणि जास्त झाली तर पाणी पुढच्या उतारावर आपटून अंगावर, तिथून फरशीवर. गेल्या आषाढातलं तुला माहीत आहे, परत लिहीत नाही.

रंग बघायच्या आधी बेसिनखाली मोबाइलचा टॉर्च लाव. भोक एकच आहे का, आणि केवढं? ३५ मिलिमीटरचं असेल तर मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र देणारा नळ, बसतो. जुन्या बेसिनचं भोक कधी लहान असतं, मग मिक्सरचे दोन पाइप आणि बोल्ट त्यातून जात नाहीत. चिनी मातीला घरी ड्रिल लावू नकोस, तडा जातो. भिंतीतून अँगल कॉक, म्हणजे बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा कॉक, एकच निघाला असेल तर साधा पिलर कॉक, म्हणजे एकाच पाण्याचा नळ, घे, मिक्सरला पैसे घालू नकोस. दोन असतील तर सिंगल लिव्हर, म्हणजे एकाच दांडीचा, मिक्सरच घे. गरम पाणी डावीकडे जोडायचं. आणि गिझर ५० अंशांच्या आसपास ठेव, आजीची कातडी आता फार पातळ झालीय.

मूठ लांब दांडीचीच घे, गोल नको. ओल्या, साबणाच्या हातात गोल मूठ फिरत नाही. आजीची बोटं तर आता सकाळी उघडतच नाहीत. रंकाळ्यावरून चिखलाचे पाय घेऊन तू यायचीस, तेव्हा मोरीत एका हातानं तुझा दंड धरून दुसऱ्या हातानं तांब्या ओतायची, ती हीच बोटं. सिरॅमिक डिस्कच्या नळाला पाव फेरा पुरतो, जोर लागत नाही. आत रबरी वॉशर असलेला जुन्या पद्धतीचा नळ मात्र दोन-तीन फेरे आवळावा लागतो. तिच्यानं तो पुरता बंद होणार नाही, रात्रभर थेंब पडेल, आणि थेंब म्हटलं की परत ओल. दांडी मागे किती जाते तेही दुकानात हलवून बघ. आरशाखालच्या फळीला अडली तर नळ अर्धाच उघडतो.

तुझा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बार दाब देतं. तुझी टाकी तीन-चार मीटर वर असेल, म्हणजे ०.३ ते ०.४ बारच. खोक्यावर किमान दाब एक बार लिहिला असेल तर तो नळ ठेवून दे, धार करंगळीएवढी येईल.

आता रंग. तुझी आवड चांगली आहे. ते दार आणि टाइल्स तू निवडल्यास तेव्हा मी शेजारी दोघींना फोटो दाखवले होते. पण सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी, त्यात क्षार. काळ्या मॅटवर प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसतो. तो घालवायला ॲसिड लावलंस की रंगच जातो, क्रोमसुद्धा त्यानं खराब होतो. तुझा टॉवेल रॉड आणि हेल्थ फॉसेट क्रोमचे आहेत, तर नळही क्रोमच घे, नाहीतर डाग लपवणारा ब्रश केलेला निकेल. काळं हवंच असेल तर आरशाची चौकट काळी कर. हे परत भाषणासारखं झालं, रागावू नकोस.

प्लंबरला अँगल कॉकही नवा लावायला सांग, जुना ऐन वेळी बंद होत नाही. भिंतीतल्या आट्यांसाठी टेफ्लॉन टेप दहा-बारा वेढे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. कनेक्शन पाइपच्या वॉशरच्या टोकाला टेप लावायची नाही, हातानं आवळून वर पाव फेरा, बस. जास्त आवळलं तर वॉशर कापला जातो. पाइप जोडायच्या आधी अँगल कॉक उघडून अर्धी बादली पाणी जाऊ दे, नाहीतर वाळू थेट नळाच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये बसते. वेस्ट कपलिंग, म्हणजे जाळीखालचा पाणी जायचा जोड, बदलणार असशील तर बेसिनच्या काठाखाली जादा पाण्याचं भोक आहे का बघ. असेल तर खाचांचं हाफ थ्रेड, नसेल तर फुल थ्रेड. भोक नसताना खाचांचं लावलंस तर पाणी खालून झिरपतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळं झालं की प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेव. तासाभरानं बघ, आणि सकाळी पुन्हा बघ. आजी आत जायच्या आधी एकदा फरशीवर हात फिरव.

बाबांच्या पिशवीत १८ इंची दोन कनेक्शन पाइप, टेप आणि दाराबाहेर टाकायची रबरी जाळीची चटई ठेवलीय. भोकाचं माप उद्या दुकान उघडायच्या आत कळव, म्हणजे नळ इथूनच पाठवायचा का ते बघते. तुला तिथलाच घ्यायचा असेल तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही.

तुझी,
आई