फेसबुक बंद करण्याआधी

ता. राळेगाव, जि. यवतमाळ

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, आई, मी फेसबुक-इन्स्टा सगळं बंद करून टाकते. आणि पाच मिनिटांनी तूच म्हणालीस की प्रकाशकानं हस्तलिखित उघडायच्या आधी फॉलोअर किती ते विचारलं, मग बंद तरी कसं करू. मला हसू आलं आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. तुला वाटलं असेल, रागानं ठेवला. राग कशाचा? बाजाराचा दिवस होता, बाबा वेचाईचे पैसे वाटत होते, अंगणात बाया बसलेल्या. त्या गलक्यात हे बोलणं झालंच नसतं, म्हणून लिहिते.

तुझा फवारणीवरचा लेख आठवतो? 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, तेव्हाचा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंपाचं औषध झाडावर जायच्या आधी फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडायचं. तू तेवढंच लिहिलंस, कोणाला शिव्या नाहीत की कोणाच्या नावानं रडणं नाही. लेख फेसबुकवर टाकलास आणि दोन दिवसांत तो आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला. वर गुलाबाचं फूल, खाली 'लेखक : अनामिक' आणि शेवटी कोणीतरी आपल्या पदरचं जोडलेलं, 'शेतकरी वाचला तर देश वाचेल, किमान दहा ग्रुपवर पाठवा.' पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी अट घातली म्हणे. पण गळालेलं नाव काही त्यानं परत येत नाही.

तू त्या रात्री नाव गेलं म्हणून रडलीस. गटात काय झालं ते तेव्हा तुला सांगायचं राहिलंच. एका बाईनं मला तो लेख मोठ्यानं वाचायला लावला. तिचा नवरा मजुरीनं फवारायला जातो. पदर तोंडाशी धरून तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे लिवनाऱ्यानं पाठीवर पंप घेतला असन, माय." मी म्हटलं, माझ्या पोरीनं लिहिलंय. "हो तं!" म्हणून सगळ्या हसल्या. नावच नाही, तर कोण विश्वास ठेवेल? पण मला त्या बाईचं म्हणणं पुरलं. तुझी कथा पुण्याच्या दिवाळी अंकात आली होती, छान छापली होती, मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली. आपल्या गावात ती बाबांनी वाचली, मी वाचली आणि वाचनालयातल्या मास्तरांनी. संपलं.

आता दुसरी बाजू. तू 'माझी मोठी काकू' म्हणून लिहिलंस, नाव न घेता. हुंडा, तिला माहेरी पाठवलं ते वर्ष, विहिरीवरची ती गोष्ट. आपल्या तालुक्यात नाव लागतं का कशाला? मोठ्याईच्या, म्हणजे त्या काकूच्याच, जावयानं मोबाइल तिच्यापुढे धरला. तिला वाचवत नाही, म्हणून त्यानंच वाचून दाखवलं, ते पण कसं, तर वकील नोटीस वाचतो तसं. पंधरा दिवस आमच्याकडे कोणी आलं नाही. तुला आलेल्या त्या घाणेरड्या कमेंटांपेक्षा मला हे जास्त लागलं, आणि तुलाही हेच लागलं असणार. कमेंटांचं तू फक्त सांगतेस.

जुन्या लेखकांना ही सोय होती, बाई. गावावर लिहायचं आणि गावाला पत्ता नाही. अंक शहरात वाचला जायचा, वाहवा तिथेच व्हायची. लेखक पोळ्याला गावी आला की सगळे म्हणायचे, मास्तर बरे दिसतात. 2016 नंतर नेट स्वस्त झालं आणि ज्याच्यावर लिहिलं तोच वाचायला लागला. तुला जे नकोसं झालंय त्यातलं निम्मं हेच आहे, असं मला वाटतं. ते फोन बंद करून जाणार नाही.

पेरुमाळ मुरुगन यांची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. तमिळ कादंबरी 2010 ची, चार वर्षं कोणी काही बोललं नाही. इंग्रजीत गेल्यावर त्यांच्याच गावचे लोक उठले, निवडक पानांच्या झेरॉक्स वाटल्या गेल्या. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी फेसबुकवरच लिहिलं की पेरुमाळ मुरुगन हा लेखक मेला. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ते परत लिहायला लागले. तू हे फेसबुकविरुद्ध म्हणून सांगितलंस. मला तर त्यात झेरॉक्सचं मशीनच जास्त दोषी दिसलं. आणि 2019 चं यवतमाळचं साहित्य संमेलन? लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून नको म्हटलं, केवढा गदारोळ. शेवटी उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहिल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याची विधवा. ते भाषण आमच्या बायांनी फोनवरच ऐकलं, कामावरून आल्यावर, चुलीपुढे. मांडवात त्यांना कोण नेणार होतं?

म्हणून बंद कर असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीला आलीस तेव्हा एक पाहिलं, ते सांगते. सीतादहीला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, आपण वावरात गेलो. मी झाडांना दहीभात वाहत होते आणि वेचणारी म्हातारी तिच्या लहानपणचं सांगत होती, मालकाच्या कोठारातला कापूस आणि तिच्या आईनं लुगड्यात लपवलेली मूठभर सरकी. तू आधी व्हिडिओ काढलास, मग तिथंच बांधावर बसून लिहून टाकलंस. संध्याकाळपर्यंत सारखी फोन बघत होतीस. म्हातारीचं पुढचं ऐकायला तिथं फक्त मी होते. त्या सरकीचं पुढे काय झालं ते तुला अजून माहीत नाही. चांगली कथा आहे, सांगणार नाही. ये आणि तिला विचार.

मला हा रोग कळतो, कारण आमच्या अंगणवाडीतही तो आलाय. पोराचं वजन, दंडघेर, हजेरी, सगळं फोनवर. काम सोपं झालं, खोटं का बोलू. रजिस्टरांचा ढीग गेला. पण खिचडी वाढली की हात आधी फोटोकडे जातो. पोरं ताटापुढे हात धुऊन बसलेली, मदतनीस म्हणते, "ताई, थांबा, रेंज नाही," आणि खिचडीवर साय धरते. मी आता ठरवून टाकलंय. पोरांनी चार घास खाल्ले की मग फोटो. मुख्यसेविका एकदा बोलली. बोलू दे.

तुझ्या बाबतीत एवढंच की कच्चं टाकू नकोस. मासिकवाले, दिवाळी अंकवाले अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि तू चांगल्या कथेचे चार तुकडे आधीच फुकट वाटून बसतेस. लेख आपलाच राहतो, पण वापरायची परवानगी त्या कंपनीला आपण फुकटात देतो, हेही तूच सांगितलंस ना? मग तिथं टाकायचं ते नावासकट, आणि छापून झालेलं. लाइकचा आकडा लपवता येतो म्हणतात, तो लपव. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तुला झोप नाही हे डोळ्यांवरून दिसत होतं.

मोठ्याईचं मी सांभाळलंय. परवा तीच आली, तुरीच्या शेंगा घेऊन. म्हणाली, "खोटं तं काही लिवलं नाई पोरीनं. पन मले आधी सांगाचं होतं." पुस्तकात ते घ्यायचं असेल तर आधी येऊन तिच्यापुढे बस आणि वाचून दाखव. तू वाच, जावयासारखं नको. एखादी ओळ काढ म्हणाली तर काढायची की नाही ते तुझं तू बघ, त्यात मी पडत नाही.

प्रकाशकाला आकडा आहे तो सांग. तेवढ्यावर त्याला पुस्तक नको असेल तर दुसरा पाहू. शेंगा एसटीनं पाठवल्यात, कंडक्टरला डबा परत द्यायला सांगितलंय. आणि फेसबुकवरचा तो गॉगलवाला फोटो बदल, बाबा ओळखत नाहीत.

तुझी,
आई