खुर्चीत बसूनही होतं, बाबा

ती. आई-बाबांना
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "व्यायामाचे दिवस गेले आता आमचे." आणि मागून आईचा आवाज आला की रात्री तीनला जाग येते, मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दोन्ही वाक्यं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही दोघं "बरं, बरं" म्हणता आणि जेवलीस का विचारता, म्हणून लिहूनच पाठवते आहे. आई, तुला वाचायचा त्रास होत असेल तर बाबांना मोठ्यानं वाचायला सांग.

आधी बाबांसाठी. आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथल्या राजेसाहेबांना, भवानराव पंतप्रतिनिधींना, सूर्यनमस्कारांचा ध्यास होता. स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधूनही तो परिपाठ त्यांनी सुरू केला. आजोबांकडून ते तुमच्याकडे आलं. सकाळी अजिंक्यतारा चढून यायचं, अंगणात नमस्कार घालायचे, मग आंघोळ आणि शाळा. मी लहानपणी रोज हेच पाहत होते. त्यामुळे हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर नमस्कार बंद झाले तेव्हा तुमचं काय गेलं, हे मला कळतं. पण तुम्ही त्याबरोबर सगळंच सोडलंत. डॉक्टरांनी चाला म्हटलं तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत. "पूर्वीसारखं जमत नाही तर अर्धवट कशाला करायचं?" हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. खरं सांगायचं तर हे अख्खं पत्र त्या एका वाक्याशी भांडायला लिहिलं आहे.

योगाचार्य अय्यंगार गुरुजींचं उदाहरण देते, कारण तुम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांचा जन्म १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतला. लहानपण आजारपणातच गेलं. १९३७ साली ते पुण्यात आले आणि पुढे जगभर गेले. त्यांच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, घोंगड्या, भिंतीवरचे दोर हे सगळं असतं, आणि ते अशक्त माणसाची सोय म्हणून शेवटी जोडलेलं नाही. शरीर जिथं आहे तिथून आसनापर्यंत पोचायचा तो त्यांनी विचारपूर्वक घडवलेला रस्ता आहे. नव्वदी ओलांडल्यावरही ते साधना करत होते, साधनांचा आधार घेऊन. त्या माणसाला खुर्चीचा कमीपणा वाटला नाही, मग तुम्हाला का वाटावा?

आणखी एक, म्हणजे माझं मत म्हणून तुम्ही ते बाजूला सारणार नाही. आपल्याच देशातल्या २४ रुग्णालयांमध्ये, झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हलकी आसनं, श्वसन, ध्यान आणि राहणीमानाचा सल्ला असा बारा आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यात ठाम सांगता येईल असा फरक दिसला नाही, हेही लिहिते, कारण अर्धं सांगितलेलं तुम्हाला चालत नाही. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटली, आणि आजाराआधी जी कामं करायचे त्यांकडे ते जास्त प्रमाणात परतले. बाबा, मला तुमच्यासाठी नेमकं हेच हवं आहे. तुम्ही बाजारात जावं, वाचनालयात जावं, भाजीवाल्याशी हुज्जत घालावी.

मी इथे ज्या वर्गाला जाते तिथे ज्येष्ठांचा वेगळा तास असतो. तिथल्या बाईंना तुम्हा दोघांचे रिपोर्ट दाखवून मी सविस्तर विचारून घेतलं आहे. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या, हातांची नको, चाकांची तर नकोच, आणि पाठ भिंतीला लागेल अशी ठेवा. प्लास्टिकची घेऊ नका, फरशीवर सरकते. पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पाठ टेकायची नाही, दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण. आई, तुझे पाय टेकणार नाहीत, तुला खाली पाट लागेल. श्वास घेताना हात समोरून वर, सोडताना सावकाश खाली. मग एकेक गुडघा सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढायचं, घोटे फिरवायचे, खांदे मागे फिरवायचे. शेवटी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळूच बसायचं. हे शेवटचं दिसतं सोपं, पण मांड्यांची ताकद त्यातच आहे, आणि उद्या कुणाच्या मदतीशिवाय संडासातून उठता येणं त्याच ताकदीवर ठरतं. करताना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल इतकी धाप लागली तर थांबायचं. छातीत दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर व्यायाम बाजूला आणि ताबडतोब डॉक्टर.

आई, आता तुझ्याकडे वळते. मागच्या पावसाळ्यात अंगणात पाय सरकला, नशिबानं मनगटावर निभावलं. तुझी हाडं ठिसूळ झाली आहेत, त्यामुळे तू पडू नयेस ही माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. तोलाचा व्यायाम यासाठीच. ओट्याला धरून उभी राहा, टाचा उचल, खाली ठेव. मग एक पाय थोडासा उचलून एकावर उभी राहा, हात ओट्यापासून लांब नेऊ नकोस. चिनी लोक बागांमधून ताई ची नावाचा संथ व्यायाम करतात ना, टीव्हीवर पाहिला आहेस तू, त्यातही वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यायचं असतं. २०१९मध्ये जगभरातले शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तोल आणि हालचालींचे व्यायाम करणाऱ्या वयस्कर माणसांचं पडण्याचं प्रमाण सुमारे पावपट कमी आढळलं. पावपट कमी होणार असेल तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहायला काय हरकत आहे?

आता श्वासाचं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे आपोआप होत असतं. मेंदूतून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती श्वास सोडताना हृदयाला जास्त आवर घालते. म्हणून सोडणं लांबवायचं. नाकानं घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. जोर लावायचा नाही, दम कोंडायचा नाही. असं केलं की मिनिटाला सहाच श्वास होतात, एरवी आपण बारा ते वीस घेतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१मध्ये एक गंमतीची गोष्ट नोंदवली. काहींना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला दिली, मग बौद्ध मंत्र म्हणायला दिला. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली काम करू लागली. हरिपाठावर तो प्रयोग नव्हता. पण संध्याकाळी तुम्ही दोघं एका लयीत हरिपाठ म्हणता आणि ओळ संपेपर्यंत श्वास पुरवता, तेव्हा वेगळं काय होत असेल? ते घाईघाईत उरकू नका एवढंच माझं सांगणं. टाळी संथ ठेवा.

रात्री तीनला जाग आली तर घड्याळ बघू नकोस आई, मोबाइल तर नकोच. गुडघ्याखाली उशी घे, एक हात पोटावर ठेव आणि चार-सहा मोज. झोप आलीच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. नाही आली तरी शरीराला तेवढा विसावा मिळतो. आणि माझी, दादाची, नातवंडांची काळजी त्या वेळी करायची नाही. ती सकाळी चहाबरोबर कर, मी फोन उचलते.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. बाबा, शेजारचे काका टीव्ही लावून कपालभाती आणि भस्त्रिका करतात, त्यांच्याबरोबर तुम्ही बसू नका. बीपी आणि हृदयविकार असताना ते झटक्यांचे श्वास आणि कुंभक, म्हणजे दम कोंडणं, टाळायचे असतात. गोळ्या एक दिवसही स्वतःच्या मनानं कमी करायच्या नाहीत, कितीही बरं वाटलं तरी. आई, तुला काचबिंदू आहे, त्यामुळे डोकं खाली जाईल असं कुठलंही आसन नको. त्यानं डोळ्यातला दाब वाढतो. पाठ गोल करून पायाचे अंगठे पकडायलाही जाऊ नकोस, ठिसूळ मणक्यांना ते झेपत नाही.

ध्यानाबद्दल बाबा, तुम्ही म्हणता, "डोळे मिटले की नको ते विचार येतात." येणारच. तुम्ही ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय कितीदा वाचला आहे. अर्जुनाचीही हीच तक्रार होती, की मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. भगवंतांनी त्याला तू अपात्र आहेस असं म्हटलं नाही. मन चंचल आहे हे मान्य केलं आणि अभ्यास सांगितला. जिथे जिथे जाईल तिथून परत आणायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा आणलं, तर तो दिवस वाया गेला असं धरू नका. तेच तर करायचं आहे. मांडी घालून बसायची सक्ती नाही, खुर्चीतच बसा.

मावशी तुम्हाला इगतपुरीला विपश्यनेला पाठवायचं म्हणते आहे. मला त्या शिबिरांबद्दल आदर आहे, पण दहा दिवसांचं मौन, पहाटे चारला उठणं आणि दिवसाला दहा तास बैठक, ही तुमच्यासाठी सुरुवात नव्हे. आधी घरातली दहा मिनिटं बसू दे. पुढचं पुढे पाहू, तेही डॉक्टरांना विचारूनच.

वेळेचं मात्र मी ठरवूनच टाकते, नाहीतर आई म्हणेल की कामं आटोपली की करते, आणि तुझी कामं आटोपलेली मी आजवर पाहिलेली नाहीत. सकाळचा चहा बाबा करतील. चहा झाला की पूजेच्या आधी दोघांनी खुर्च्या मांडायच्या, वीसेक मिनिटं. बाबा मोजतील, त्यांचा शाळेतला आवाज आहेच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दुप्पट करू नका.

या महिन्यात बाबांची तपासणी आहे. तेव्हा हे पत्र बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी जे खोडलं ते खोडा. आई, तुझ्या डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनाही विचारून घे. मी पुढच्या महिन्यात येते आहे. काय दुखलं, काय जमलं नाही, कशाचा कंटाळा आला, ते सगळं मला खरं सांगा. "छान चाललंय" एवढंच सांगितलंत तर मी ऐकणार नाही.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, ओट्यापाशी आई उभी राहते तिथलं पायपुसणं आजच उचलून ठेवा, त्याचा कोपरा दुमडतो.